दोराचं खालचं टोक

करवतीचा आवाज थांबला, पण फांदी खाली आली नाही.

रेणुकानं वर पाहिलं. सर्जापूर रोडवरच्या त्या अपार्टमेंटच्या आवारात, चौथ्या मजल्याच्या उंचीवर, तिचा नवरा मल्हार नीलगिरीच्या खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून होता. बॅटरीची करवत त्याच्या कमरेपासून लोंबकळत होती. अर्धवट कापलेली फांदी डोक्यावर तशीच तिरकी उभी होती.

"अहो, काय झालं?"

नीट दिसावं म्हणून ती दोन पावलं मागे सरकली.

मग तिला तो आखूड दोर दिसला. झाडावर काम करताना खोडाभोवतून कमरेला अडकवायचा. त्याचं तुटकं टोक वाऱ्यावर हलत होतं आणि कापलेल्या जागी पांढरे धागे पिंजारले होते. करवत उसळून दोरावर आली होती. दोर घेताना दुकानात आतून तार घातलेलाही होता. मल्हारनं तो हातात तोलून पाहिला आणि परत ठेवला होता. "हे ओझं दिवसभर कोण वागवणार?"

आता त्याला फक्त दुसरा, लांब दोर धरून होता. त्याच्या कमरेपासून निघून तो वरच्या बेचक्यातून फिरून खाली आला होता आणि बुंध्यापाशी, रेणुकाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, एका छोट्या यंत्रात अडकवलेला होता. आधी दोराचा सगळा कारभार मल्हारच्याच कमरेशी असायचा. तो वर अडकला तर खालच्या माणसानं नुसतं बघत राहायचं. हे यंत्र घ्या म्हणून तिनं किती दिवस भुणभुण केली होती. दांडा हळू ओढला की दोर सुटतो, सोडला की थांबतो. घरामागे वाळूचं पोतं टांगून तिनं ते करून पाहिलं होतं. पहिल्याच खेपेला पोतं दाणकन आपटून फुटलं होतं.

अपार्टमेंटचा सुपरवायझर पवनकुमार धावत आला. "अक्का, फायर ब्रिगेडला फोन केला. ट्रॅफिक आहे म्हणतात. स्वल्प वेळ लागेल."

आनेकलच्या बाजूनं आभाळ काळवंडत येत होतं. वारा उठला तशी फांदी करकरली. तुटली असती तर थेट मल्हारवर, नाहीतर त्याच्या दोरावर.

"अण्णा, झाडाखाली कुणाला येऊ देऊ नका," रेणुका म्हणाली. दोराचं सुटं टोक तिनं कमरेमागून घेतलं, उजव्या हातात गच्च धरलं आणि डावा हात दांड्यावर ठेवला. हातमोज्याच्या आत बोटं ओली झाली होती.

"अहो, खोड सोडा. मी तुम्हाला खाली घेते."

"नको."

एवढंच. इतका पातळ आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"नको म्हणून कसं चालेल?"

"तुला नाही पेलवणार, रेणू. तुझ्या दुप्पट आहे मी."

"मी कुठं पेलतेय? यंत्र पेलतंय. मी नुसता दांडा ओढणार."

"पोतं फुटलं होतं."

रेणुकानं दोरावरची मूठ आणखी आवळली.

"फुटलं होतं," ती म्हणाली. "एकदा. मग नाही फुटलं."

फांदी पुन्हा करकरली.

"एकच हात सोडा. डावा. दुसरा राहू दे."

बऱ्याच वेळानं डावा हात खोडावरून निघाला आणि दोराला जाऊन चिकटला. तिनं दांडा जरासा ओढला. दोर सर्रकन सरकला आणि मल्हार ओरडला. तिनं दांडा सोडला. दोर थांबला.

"थांबलात ना?" ती खालून म्हणाली. "वीतभर आलात. मी थांबवलं की थांबतं. आता दुसरा."

दुसरा हात सुटला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

ती वीत वीत दोर सोडत राहिली. वारा अंगावर येत होता, वर फांदी बोलत होती, आणि दांडा एकदम ओढून मोकळं व्हावं असं तिच्या हाताला राहून राहून वाटत होतं. तिनं हाताचं ऐकलं नाही. मल्हारचे बूट जमिनीला लागले. पाय लागले आणि तिथंच दुमडले. तिनं त्याचा दोर सोडवला, काखेत हात घालून त्याला झाडापासून लांब ओढत नेलं आणि मग स्वतःही खाली बसली.

पवनकुमारनं पाण्याची बाटली आणून दिली. दबकत त्यानं विचारलं, "अक्का, मग ती फांदी?"

"देवनहळ्ळीचे आप्पाजी आहेत. तेही हेच काम करतात. त्यांना बोलावते."

असं म्हणून तिनं चोरट्या नजरेनं मल्हारकडे पाहिलं. त्यानं हात घातलेल्या झाडावर दुसरा कुणी चढणार म्हटलं की तो खवळायचा. आज तो आपल्या तळहातांना चिकटलेली साल काढत बसला होता.

"सरी," पवनकुमार होकारार्थी मान हलवत म्हणाला.

मल्हार साल काढतच राहिला. वर त्याचा तुटका दोर पाहिला तेव्हाही रेणुकाला इतकी भीती वाटली नव्हती.

तिनं दोर गुंडाळले, करवत उचलली, सगळं टेम्पोत मागे टाकलं. तेवढ्यात मल्हार जाऊन डावीकडच्या सीटवर बसला. टेम्पो नेहमी तोच चालवायचा.

ती स्टिअरिंगमागे बसली. त्यानं बेल्ट लावला होता आणि दारावरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. टेम्पो अजून सुरूही झाला नव्हता.