शेजाऱ्याचं रान

पाव्हण्यांची जीप ओढा उतरली तशी चिमाजीनं मुलाला शेवटचं बजावलं, "सुदर्शन, तू गप उभा ऱ्हा. रानाचं काय ते मी बोलतो."

चार दिवसांपूर्वी सुदर्शन ओतूरला गेला असताना बापानं ट्रॅक्टर बोलावून अर्धं रान नांगरून घेतलं होतं. उरलेलं अर्धं वाचलं, कारण एसटीतून उतरून तो थेट ट्रॅक्टरसमोर उभा राहिला. "माझ्या अंगावरनं न्या, पण या रानात फाळ घालायचा नाय," म्हणाला. ट्रॅक्टरवाला मुकाट्यानं मागं फिरला.

तीन वर्षं त्याचा हाच हेका होता. बाजरी कापायची, धसकटं तशीच ठेवायची, पाला रानातच पसरायचा आणि न नांगरता त्यातच ज्वारी पेरायची. "रानाची हजामत कधी करणार, राव?" अशी अख्ख्या बेल्ह्यात टिंगल चालायची. गेल्या साली पावसानं दगा दिला. गावात कडबासुद्धा धड झाला नाही आणि या रानात कणसं भरली. डिझेल वाचलं ते वेगळंच. चिमाजी हे सगळं जाणून होता. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पाव्हणे कळंबचे, पाण्याखालची शेती असलेले. आळशाच्या घरी ते आपली तेजस्विनी कशाला देतील? आणि सुदर्शनच्या तर ती मनातच बसली होती.

मुलीचे वडील गेणभाऊ बांधावर येऊन थांबले. डावीकडं स्वच्छ नांगरट, उजवीकडं नुसती धसकटं.

"हे असलं रान कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"ते व्हय?" चिमाजीच्या तोंडून निघून गेलं. "ते शेजाऱ्याचं."

सुदर्शननं बापाकडं पाहिलं. बापानं नजर चुकवली. त्याला स्वतःचीच लाज वाटली होती.

गेणभाऊ नांगरटीत उतरले. एक ढेकूळ उचलून त्यांनी चुरगाळलं. बोटांतून धूळ उडाली. वीस दिवस पावसाचा थेंब नव्हता आणि ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती. मग ते धसकटांत शिरले. पाल्याखालून मूठभर माती काढून त्यांनी दाबली. तिचा लाडू वळला.

परत आले तेव्हा तो लाडू त्यांच्या हातातच होता.

"चिमाजीराव, राग मानू नका, पण एक विचारतो. या शेजाऱ्याला लग्नाचा पोरगा हाय का?"

चिमाजीनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाय की, पावणं. ह्यो काय, तुमच्या पुढंच उभा हाय. नांगरलेलं तेवढं शेजाऱ्याचं."