आईची सवत

"बाबा, खरं सांग, तुझी लाडकी कोण? मी की ही म्हातारी गाडी?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून लेकीने एकदाचं विचारून टाकलं.

त्या छोट्या जुन्या गाडीच्या बाहेरच्या लाकडी चौकटीला वॉर्निश लावता लावता बाबा हसला. "आज शेवटचा हात. पुढचे सगळे रविवार तुझे!"

"सुटले बाई! टळली एकदाची सवत," आई म्हणाली.

बाबा हात धुवायला गेल्यावर, सरळ उत्तर न मिळाल्याने जळफळत लेकीने गाडीच्या मागच्या दाराच्या लाकडाला स्क्रूड्रायव्हर टोचला. तो लोण्यात शिरावा तसा मुठीपर्यंत आत गेला. गप्प बसलं की रविवार आपले, हे तिला पक्कं कळत होतं.


"आई, बाबा, मी ठरवलंय! हे लाकूड आतून कुजलंय, ते बदलायचं. आणि करवत मी धरणार!"