स्पामधला ओला बनियन

“हीच का स्पा केबिन? खोली इतरांसारखीच, वास तेवढा गवती चहाचा!” कमलिनीबाईंनी क्रूझवरच्या खोलीत शिरताच नाक मुरडलं.

गुडघेदुखीमुळे बायकोला धड झोप नाही, म्हणून मोरेश्वररावांनी हौसेने जादा पैसे भरून ही केबिन घेतली होती. आपण पुन्हा फसलो की काय, असं त्यांना वाटलं.

या केबिनवाल्यांना स्पाही खुला होता. तिथे तापवलेल्या दगडी बाकांवर लोक झगे घालून पहुडले होते. “नुसते चोचले! इथे निदान तुमचा बनियन तरी वाळेल,” म्हणत बाईंनी पिशवीतला ओला बनियन बाकावर पसरला. मोरेश्वररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुणी उचलू नये म्हणून त्या शेजारच्या बाकावर राखणीला टेकल्या, मग आडव्या झाल्या आणि घोरू लागल्या. आखडलेले पाय हळूहळू सरळ झाले.

डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, “वाळला का हो?”

बनियन खडखडीत वाळला होता. मोरेश्वररावांनी तो गुपचूप शॉवरखाली भिजवून पुन्हा पसरला.

“नाही गं, ओलाच आहे.”

“मेले, इथले दगडसुद्धा कुचकामी,” पुटपुटत त्या पुन्हा घोरू लागल्या.