पट्टा की धूर

"पट्टा की धूर, तेवढं आज ठरव," गंगाधर म्हणाला. "दोन्ही तुला परवडायचे नाहीत."

रघुवीरने दोन्ही यंत्रांकडे पाहिलं. डिलाईल रोडवरच्या त्या गॅरेजात, कोपऱ्यात ताडपत्री टाकून उभ्या असलेल्या एका गाडीच्या बॉनेटवर ती शेजारी शेजारी मांडली होती. एक विलायती शर्यतीच्या गाडीचं, दुसरं भंगारात काढलेल्या विमानाचं. पट्ट्यावर फिरणाऱ्याचं खरं नाव सुपरचार्जर, धुरावर फिरणाऱ्याचं टर्बो. गंगाधर दोघांनाही भाताच म्हणायचा. लोहाराचा भाता आगीत हवा फुंकतो, हे इंजिनात फुंकतात, एवढाच काय तो फरक.

"यात चांगला कुठला?"

"पट्ट्याचा भाता इंजिनालाच फिरवावा लागतो. म्हणजे कमावत्याच्या ताटातलं काढून त्यालाच भरवायचं. पण हाक मारली की ओ देतो. धुराचा भाता फुकट जाणाऱ्या धुरावर फिरतो. घरचं काही खात नाही. फक्त लगेच उठत नाही, आधी कूस बदलतो. उठला की मग आवरत नाही."

"अरे पण चांगला कुठला?"

"लढाईत मी विमानतळावर कामाला होतो. गोरे साहेब यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले होते. पण दोन्ही एकदम पळवून कुणी बघितलं नाही रे." गंगाधरने हळहळत फडक्याला हात पुसले. "तेव्हापासून डोक्यात किडा आहे."

रघुवीरला त्या किड्याशी कर्तव्य नव्हतं. त्याची दोन माणसांची जुनी स्पोर्ट्स कार एका साहेबाने विलायतेला जाताना पगाराच्या बदल्यात त्याच्या वडिलांच्या गळ्यात मारली होती. जगातल्या सगळ्या गाड्यांना तिने मागे टाकावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. एकीला टाकलं तरी पुरे होतं.

ती एक काळी गाडी होती. रोज त्याच्या गिरगावातल्या चाळीखाली उभी असे आणि तो जाईल तिथे मागे येई. कारण त्याचा थोरला भाऊ जगदीश. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत केलेल्या भाषणांबद्दल त्याच्यावर वॉरंट होतं आणि तो हिंदमातेला एका कापडवाल्याच्या माळ्यावर लपला होता. पहिल्या तुरुंगवासातून तो रक्त ओकत बाहेर आला होता. पुन्हा आत गेले तर परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी कांतावहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ठाण्यापलीकडे एका दवाखान्यात त्याची गुपचूप सोय झाली होती. स्टेशनांवर त्याचा फोटो पोचला होता. राहिला रस्ता.

गेले काही दिवस मात्र काळी गाडी दिसत नव्हती.

"टळली एकदाची पीडा," वहिनी म्हणाली होती.

"दुरुस्तीला गेली असेल," रघुवीर म्हणाला होता. "सरकारी आहे. येईल परत." आणि तेवढ्या सवडीत तो वहिनीच्या पाटल्या खिशात घालून इथे आला होता.

"जायचंय कुठनं?" गंगाधरने विचारलं.

रघुवीर घुटमळला. गॅरेजच्या दारावर डांबराने 'झालाच पाहिजे' असं लिहिलेलं होतं. त्याने ते पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. रक्ताचंसुद्धा.

गंगाधरने मान खाली घालून ऐकलं. "गल्ल्यांतून काढणार त्यांना?"

"हो. परळच्या आतल्या अंगाने."

"मग पट्टा. वळणावळणाला ओ देणारा पाहिजे. आणि हे बघ, एक पाटली पुरे. दुसरी वहिनींना परत दे. मजुरी नको. न मिळायची मला सवय आहे."

रघुवीरने दुसरी पाटली परत खिशात ठेवली. मग बॉनेटकडे बोट करून त्याने विचारलं, "या दुसऱ्याचं काय करशील?"

"त्यालाही मिळेल गिऱ्हाईक."

संयुक्त महाराष्ट्रासाठी पुकारलेल्या हरताळाच्या सकाळी गंगाधर स्वतः भाता बसवलेली गाडी घेऊन गिरगावात आला.

"गल्ल्यांचं विसर," तो म्हणाला. "पोरांनी काचा टाकल्यात, पिंपं आडवी केलीत. टायर बसला तर भाता काय करील, कपाळ? हिंदमातेवरून शीवचा सरळ रस्ता धर. आज चिटपाखरू नाही तिथे. निघणार कधी?"

"बारा वाजता."

"ठीक. आणि हात राखून चालवू नकोस हां. शपथ आहे. जेवढं आहे तेवढं पिळून काढ."

माळ्यावरून उतरताना जगदीश दोनदा थांबला. गाडीत बसल्यावर त्याने रुमाल तोंडावरून काढला आणि घडी घालून लपवला.

"पळेल का रे ही?"

"धरून बस, दादा."

दादर ओलांडलं आणि आरशात काळी गाडी दिसली. रघुवीरने पाय दाबला. पट्ट्याने शिट्टी मारली आणि जुनी गाडी तीरासारखी सुटली. आरशातली काळी गाडी काड्याच्या पेटीएवढी झाली. जगदीश कित्येक महिन्यांनी हसला. हसता हसता खोकला.

"सुटलो, दादा."

तेवढ्यात मागून आवाज आला. शिट्टी नव्हे. झोपेत कुणीतरी कूस बदलून सुस्कारा सोडावा तसा. काड्याची पेटी वाढत वाढत कपाटाएवढी झाली. रघुवीरचा पाय फळीला टेकला होता, आणखी दाबायला जागा नव्हती. शीवच्या अलीकडे काळी गाडी सरसरत पुढे गेली आणि रस्त्यात आडवी उभी राहिली.

साध्या कपड्यांतल्या दोघांनी जगदीशला दंडाला धरून उतरवलं. त्यांना जोर लावावा लागला नाही. रुमाल रस्त्यावर पडला, तो कुणी उचलला नाही. रघुवीरचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

काळ्या गाडीचं मागचं दार उघडून गंगाधर उतरला. सावकाश चालत आला आणि रघुवीरच्या तापलेल्या बॉनेटवर त्याने तळवा ठेवला.

"आधी उचललं पट्ट्यानेच, ते मान्य," तो म्हणाला. "पण गल्ल्यांतून गेला असतास ना, तर धुराच्या भात्यावर अन्याय झाला असता."