अजून लिंबू पिळता येतं

"एकटीने चहा प्यायचा कंटाळा आलाय. संध्याकाळी येत जाल का?" वाचनालयातल्या मालिनीबाईंचं पत्र आबांना सहलीतही, मेक्सिकोतल्या स्वयंपाकवर्गात आठवत होतं. उत्तराचे सारे मसुदे फाडले होते. एकही वाक्य धड वाटेना.

ग्वाकामोलेच्या चटणीसाठी अवोकाडो चिरून आबा कृतीचा कागद पुन्हा वाचत होते.

"आबा, परीक्षा आहे का? बघा, काळा पडला!" नात ओरडली.

"वाया गेला का गं?"

शिकवणाऱ्या बाईंनी हसत त्यावर लिंबू पिळलं आणि आबांच्या हाती दगडी बत्ता दिला.

"बाई म्हणतात, अजून चालेल. फक्त आता वाचत बसू नका," नातीने त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं.

आबांनी जमेल तसं ठेचलं. गुठळ्या राहिल्या, तरी वाडगा चाटूनपुसून संपला. स्वतः घुसळलेलं मार्गारिटा कॉकटेल पोटात गेल्यावर त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं: "येतो. चहा तुमचा, चटणी माझी." आणि पुन्हा न वाचता टपालपेटीत टाकलं.