किल्ल्याच्या मागची बाजू

पास्कलने होडी पाण्यात लोटली होती, एवढ्यात ती बाई गुडघाभर पाण्यातून धावत आली आणि तिने होडीची कड धरली.

"काका, मलाही घ्या. किल्ल्याच्या मागच्या बाजूला जायचंय. गर्दी नको."

"आज मी कोनाला नेत नाय. त्या बाजूला बोटी हायेत, त्यातनं जा."

"मग तुम्ही कुठे निघालात?"

पास्कल खाली वाकून दोरी गुंडाळू लागला. ओल्या सलवारीनिशी ती आत चढून बसलीसुद्धा. चढलेल्या माणसाला उतरवायचं कसं? त्याने इंजिन सुरू केलं.

रविवार म्हणजे अर्नाळ्याच्या बेटावर नुसती जत्रा. किल्ल्याच्या दरवाजात फोटोसाठी रांगा, वेफर्सची पाकिटं, मुलांची रडारड. मागच्या खडकांकडे मात्र काळं कुत्रं फिरकायचं नाही. पण गेला महिनाभर पास्कलच्या होडीला तिकडे जाणारं रोज एक तरी एकटं गिऱ्हाईक मिळत होतं. कोणी नायगावचा, कोणी जूचंद्रची. सगळ्यांना म्हणे गर्दीचा वीट आलेला. परवाचा एक तर दुर्बीण उलटी धरून पक्षी बघत होता. शहरातल्या माणसांचं काय सांगावं!

बायको रोझलीन गेल्यापासून पास्कलला घर खायला उठायचं. सुरुवातीला वाडीतल्या घरांनी पाळी लावून डबे पोचवले. मग चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली आणि जो तो आपल्या कामाला लागला. मुलगी जेनिफर एव्हरशाईन सिटीतून रोज फोन करायची, "पप्पा, माझ्याकडे राहायला या," आणि तो रोज नाही म्हणायचा. जाळी त्याने पुतण्याला देऊन टाकली होती. आज सकाळी कोंबड्याही शेजारच्या रीटाकडे नेऊन सोडल्या. या वयात उस्तवार हवी कोणाला?

"नाव काय तुजं, बाय?"

"विनी."

"एकटीच आलीस?"

"हो. कधीकधी एकटं बरं वाटतं. तुम्हाला नाही वाटत?"

पास्कलने आता तिच्याकडे नीट पाहिलं. कॅमेरा नाही, टोपी नाही, साधी पाण्याची बाटली नाही. डोळ्यांखाली काळं आलेलं. ओठ हसत होते आणि हातांनी मात्र होडीची कड घट्ट धरली होती. परत यायचं असतं त्या माणसाची तयारी वेगळी असते. ही तयारी परतीची नव्हती. हे ओळखायला त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

ओहोटी बरीच लागली होती. कालवांनी खडबडीत झालेले खडक उघडे पडले होते आणि पाण्याच्या कडेला कुरव पक्षी बसले होते. विनी उतरली ती थेट टोकाच्या खडकाकडे निघाली.

एरवी गिऱ्हाईक फिरून येईपर्यंत पास्कल होडीतच बसायचा. आज तो तिच्या मागोमाग गेला. खडक निसरडे, गुडघे दुखरे, पण तो थांबला नाही.

"शेवाळ हाय गं, जपून! इकडं ये, तुला गंमत दावतो."

खरं तर गंमत काय दाखवायची हे त्यालाही सुचत नव्हतं. मग खडकातल्या डबक्यात एक तारामासा दिसला. त्याच्याजवळ समुद्रफूल उमललेलं. विनीने बोट लावताच ते झटकन मिटलं आणि ती लहान मुलीसारखी हसली. पास्कलला हायसं वाटलं. मग त्याने बोलण्याचा सपाटाच लावला. शंखात घुसलेला खेकडा दाखवला, कालवं कशी फोडतात ते सांगितलं, रोझलीन त्यांचं कालवण कसं करायची तेही सांगितलं. बायको गेल्यापासून आज पहिल्यांदाच तो एवढं बोलत होता. थांबलो तर ही पोर उठून पाण्याकडे जाईल, हीच एक भीती.

"काका, उद्या भरती किती वाजता?" तिने मध्येच विचारलं.

"उद्याचं कशाला?"

"सांगा ना."

पास्कलची प्रार्थना मारियेची, पण भरती-ओहोटीला पंचांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे बापाने शिकवलेलं गणित. आज दशमी. उद्या... तो अडखळला. एरवी जिभेवर असणारा आकडा आज त्याला मांडावा लागला.

"एकादशी. सव्वाआठ."

"मग उद्या इथे असाल ना तुम्ही?"

पास्कलने ती संधी घट्ट पकडली. बुडत्याला उद्याचा एक दोर मिळाला तरी पुरतो.

"तू येनार असशील तर असेन. येशील? शपत घे."

"आधी तुम्ही घ्या."

"सायबिनीची, मारियामातेची शपत," पास्कल म्हणाला. "उद्या सव्वाआठला मी होडी घेऊन उभा असेन. आता तू बोल."

तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "मीही सुखरूप असेन, काका. शपथ."

पाणी फिरायच्या आत त्याने तिला किनाऱ्यावर आणलं. ती निरोप घेऊन सुरूच्या झाडांकडे चालू लागली, तरी पास्कलचा जीव थाऱ्यावर येईना. शपथ काय, तोंडची वाफ! वाटेत हिचं मन फिरलं तर? निदान रिक्षात तरी बसवून द्यावी म्हणून तो होडी तशीच सोडून तिच्या मागे धावला.

ती झाडाला टेकून पाठमोरी उभी होती. खांदे गदगदत होते. पास्कल हाक मारणार, तोच त्याला दिसलं, तिच्या कानाला फोन होता.

"हो, जेनिफर, आणलं मी तुझ्या पप्पांना परत," ती रडत सांगत होती. "उद्या त्यांच्या होडीत बसायची पाळी कोणाची?"