पहिली शिवी आपली

"तुमची नेमणूक आम्ही मागे घेत आहोत," फोनवरची बाई म्हणाली. हवामान सांगावं तशा आवाजात तिने पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छाही दिल्या.

लिफ्ट मेकॅनिक खुर्चीवर चढून घरातला पंखा पुसत होता. तो तसाच वर उभा राहिला. "पण कारण काय?"

"तुम्ही ज्यांचा नंबर दिला होता, त्यांनी तुमच्याबद्दल बरं सांगितलं नाही."

फोन बंद झाला. नंबर एकच दिला होता, जुन्या दुकानाचा. म्हणजे शेठचा.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"शेठनी पाचर मारली."

बायको मटकन खाली बसली. मोठ्या इस्पितळातल्या लिफ्टा, ठरलेला पगार, आठवड्याची सुट्टी, खिशावर नाव असलेला गणवेश. मेकॅनिकने राजीनामा देऊन जुनं काम सोडलंही होतं. त्याहून वाईट म्हणजे बायकोने जावेला सांगून टाकलं होतं. आता माघार घ्यायला जागाच नव्हती.

मेकॅनिक पंख्याचं फडकं खांद्यावर टाकूनच निघाला. डोक्यात घण पडत होते. या माणसासाठी त्याने काय केलं नव्हतं? अंधाऱ्या खड्ड्यात उतरून दोर ताणले, ग्रीसमध्ये लोळला. दुपारी शेठ काउंटरवर मान टाकून घोरत, तेव्हा दुकानाचा फोनसुद्धा याच्याच मोबाइलवर वळवलेला असे. पगार एका माणसाचा आणि बोलणी दोघांची.

आणि वर तो नियम. शेठनी स्वतः काढलेला: पहिली शिवी आपली. गिऱ्हाईक मेकॅनिकची तक्रार करू लागलं की त्याला पुरतं बोलूच द्यायचं नाही. फोन उचलेल त्याने आधी आपणच मेकॅनिकचा उद्धार करायचा. तो गाढव ना? आजच हाकलतो त्याला. मग गिऱ्हाईकच वरमतं आणि म्हणतं, अहो जाऊ द्या, पोराबाळांचा माणूस आहे. लिफ्ट बंदच राहते, पण बिल मिळतं. या हिशोबाने मेकॅनिकला कितीदा तरी हाकललं होतं. हाकलल्याची सुट्टी मात्र एकदाही मिळाली नव्हती.

दुकानात शेठ एका गिऱ्हाइकाला चहा पाजत होते.

"शेठ, गिऱ्हाइकांपुढे मला गाढव म्हणता, ते मी खपवून घेतलं. धंदा आहे. पण पोटावर पाय?"

"कोणी दिला पाय?"

"इस्पितळातून चौकशीचा फोन आला होता. तिथेही माझा उद्धार केलात."

"मला कसलाही फोन आला नाही. आला असता तर मी तुझे गुण गायले असते. तू गेल्यापासून दोन लिफ्टा अधांतरी लटकल्यात. आईशपथ."

"आई कधीच्या गेल्या. जिवंत माणसाची घ्या."

शेठनी जरा विचार केला. "बरं, तुझी शपथ."

मेकॅनिकने खांद्यावरचं फडकं काउंटरवर आपटलं.

"हे बघ," शेठ समजुतीने म्हणाले, "गेलं ते गेलं. उद्यापासून परत ये. थोडे वाढवूनही देतो."

आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे हा डाव होता. तिकडचं दार लावायचं, इकडचं उघडायचं, आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा. तो बाकावरच्या गिऱ्हाइकाकडे वळला. "काका, परवा नवी म्हणून घेतलीत ना मोटर? जुनीच आहे. रंग मी दिलाय. दोन हात दिलेत, बरेच दिवस टिकेल. रंग."

काकांनी कप खाली ठेवला.

"आता मात्र," शेठ हळू आवाजात म्हणाले, "नियमापुरतं नाही, खरंच हाकलतो."

इस्पितळाच्या कचेरीत बायकोही बरोबर आली. "तुम्ही रागावलात की शब्द गिळता," ती म्हणाली. "बोलायला कोणीतरी हवं."

फोनवरची बाई समोर बसलेली होती आणि प्रत्यक्षातही तिचा आवाज हवामानासारखाच होता.

"शेठ म्हणतात, त्यांना फोनच आला नाही," मेकॅनिक म्हणाला.

"फोन मीच केला होता. भर दुपारी. आमचे फोन रेकॉर्ड होतात."

"मग ऐकवा. एकदा कानांनी ऐकतो आणि त्या माणसाला कोर्टात उभा करतो."

"ऐकवाच," बायकोनेही पदर खोचला. "माणसाने इतकंही नीच असू नये."

बाईने टेबलावरच्या छोट्या स्पीकरचं बटण दाबलं. आधी तिचाच आवाज आला. "नमस्कार, तुमच्याकडच्या मेकॅनिकबद्दल जरा बोलायचं होतं..."

"कळलं, बाई, कळलं, पुढे बोलूच नका." आवाज घोगरा येत होता, तोंडात काहीतरी असल्यासारखा. "तो गाढव ना? एक नंबरचा कामचुकार. त्याच्या हाती लिफ्ट काय, शिडीसुद्धा देऊ नये. आजच हाकलतो त्याला."

"बघ," मेकॅनिक बायकोकडे वळून म्हणाला. "गाढव. शब्दसुद्धा बदलला नाही मेल्याने. ऐकलंस ना?"

बायको स्पीकरकडे बघत होती.

स्पीकरमध्ये भांडं वाजलं आणि मागून एका बाईचा करवादलेला आवाज आला, "अहो, जेवताना तरी ठेवा तो शेठचा फोन. आता चार दिवस तर राहिलेत त्यांच्याकडे."